फोडणीपुरती पानं

हिंदवाडीतल्या घरापुढं
अकराशे चौरस फूट हिरवळ होती आमची.
मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली मी,
आकडा तोंडपाठ.
चटईसारखी गुंडाळून टेम्पोतून आणलेली,
चौकोनाला चौकोन जोडून अंथरलेली,
कॅम्पातल्या बंगल्यांसारखं दिसावं म्हणून.

दिसायचं तसं.
पण नळाला पाणी आठव्या दिवशी
आणि पहिली तहान तिची.
आम्ही अंघोळ करायचो बादलीत मोजून,
ती पाइपाखाली लोळायची.
एवढं पिऊन एक फूल नाही, एक बी नाही.
चिमण्या यायच्या, उभ्या राहायच्या,
साहेब रजेवर असलेल्या कचेरीतून
माणसं परततात तशा परत जायच्या.

एका रविवारी फकिराप्पाला म्हटलं,
आज मशीन नको, कुदळ घे.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हिच्याकडं.
"सायबांचं बरं हाय न्हवं?"
"मला काय विचारूलालास," ही म्हणाली, "त्यांनाच विचार."

सोलत गेलो तशी खाली तांबडी माती,
घट्ट, गप्प,
बोलायची सवय मोडलेल्या माणसासारखी.
गांडुळं निघाली तीन.
मोजली. सवयच.

पहिलं वर्ष लाजेचं गेलं.
पोस्टमननं विचारलं, घर विकायचंय काय.
शेजारचे अष्टेकर कंपाउंडवरून म्हणाले, साप येतील.
म्हटलं, उंदीर तुमच्याकडं आहेतच,
त्यांनी जेवायला तरी कुठं जावं?
ते हसले नाहीत.
रात्री पडल्या पडल्या मलाही वाटलं,
आपण नुसतं उजाड तर करून ठेवलं नाही?

फकिराप्पाची मशीन आता दुसऱ्यांच्या अंगणात फिरते.
तरी चहाला येतो तो, हात रिकामे नसतात.
कडोलीकडच्या बांधावरनं
मी जिला रुई म्हणतो ती घेऊन आला, म्हणाला यक्की.
निर्गुडीला म्हणाला लक्की.
करवंदाचं रोप पिशवीत होतं,
त्याला कवळी म्हणत त्यानं काटा बोटातून काढला.
माझ्या वहीत दोन्ही नावं शेजारी शेजारी,
उताऱ्यावर दोन भावांची लागावीत तशी.
या जमिनीवर अजून तरी
कुणी अपील केलेलं नाही.

मोजणीची जुनी साखळी माळ्यावर गंजत होती,
निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेली.
भिंतीवर टांगली.
गुळवेल तिच्या कड्याकड्यातून वर गेली,
वळली,
आणि अष्टेकरांच्या हद्दीत उतरली.
त्यांनी कापली नाही. मीही विषय काढला नाही.

मग कधीतरी, तारीख लिहायची राहिली,
मीटरच्या पेटीत बेडूक.
तेरड्यात मधमाशी, डोक्यापर्यंत आत.
जास्वंदीला उलटा लटकलेला शिंजीर,
जांभळा की काळा, ठरेना, उन्हावर होतं ते.
रुईची पानं कुरतडलेली बघून
फकिराप्पा औषध आणायला निघाला होता.
थांबवला.
चार दिवसांनी पानाखाली हिरवी कुपी लटकत होती,
कडेला सोन्याचे ठिपके.
दोघंही उकिडवे बसलो,
चहा गार झाला.

ही मात्र अजून चिडलेली.
तिच्या कढीलिंबावर अळ्या पडल्या होत्या,
आधी चिमणीच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार,
आणि झाडावर उरल्या होत्या नुसत्या काड्या.
"तुमच्या पाहुण्यांनी आमटी बिनवासाची केली,"
म्हणत ती अष्टेकरांकडं गेली,
फोडणीपुरती पानं मागायला.

तेल तापलं होतं. मोहरी तडतडली.
चर्र असा आवाज काही आला नाही.
गॅस बंद झाला.
खिडकीतून बघितलं तर ही अंगणात,
उसन्या डहाळीवर नखाएवढी अळी,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
आमच्या बोडक्या झाडावर
एखादं पान शिल्लक आहे का, शोधत होती.